स्ले द स्पायर: कोणतं पात्र सर्वांत ताकदवान? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा खेळ काय आहे, आधी तेवढं सांगा.

स्ले द स्पायर हा एकट्याने खेळायचा पत्त्यांचा खेळ. सिॲटलच्या मेगा क्रिट या छोट्या स्टुडिओने तो केला. नोव्हेंबर 2017 मध्ये अर्धवट रूपात विक्रीला आला आणि 23 जानेवारी 2019 रोजी पूर्ण झाला. तुमच्याकडे सुरुवातीला दहा-बारा साधी पानं असतात. एक मनोरा चढायचा असतो. प्रत्येक लढाईनंतर तीन पानं समोर येतात. एक उचलायचं, नाहीतर तिन्ही सोडून पुढे जायचं. दर फेरीला पाच पानं हातात येतात आणि ती खेळायला तीन एनर्जी मिळतात. मेलात की सगळा कॅट गेला, परत पहिल्या पायरीपासून सुरुवात.

खेळायला पात्रं चार: आयर्नक्लॅड, सायलेंट, डिफेक्ट आणि वॉचर. प्रत्येकाची पानं वेगळी, त्यामुळे खेळही जवळजवळ वेगळाच होतो. खाली ‘डाव’ म्हणजे मनोरा चढायचा एक पूर्ण प्रयत्न, आणि ‘जीव’ म्हणजे त्या लाल पट्टीवरचा आकडा.

फिरवून फिरवून नको, क्रमवारी सांगा.

असेन्शन 20 वर (काठिण्याची सर्वांत वरची पायरी), तिन्ही किल्ल्या घेऊन, शेवटी हार्टला (त्या किल्ल्यांमुळेच भेटणारा अखेरचा बॉस) मारायचं असेल तर माझा क्रम असा: वॉचर, सायलेंट, डिफेक्ट, आयर्नक्लॅड. वॉचर आणि बाकी तिघं यांच्यात मोठी दरी आहे. बाकी तिघांमधलं अंतर इतकं कमी आहे की एखाद्याने त्यांची आपसांत अदलाबदल केली तर मी वाद घालणार नाही. घातला तरी चहा संपेपर्यंतच.

पण खेळ नुकताच हातात घेतला असेल तर क्रम असा: आयर्नक्लॅड, डिफेक्ट, सायलेंट, वॉचर.

दुसरी यादी पहिलीच्या उलटी दिसते. असं कसं?

कारण दोन्ही याद्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिली सांगते, या पानांकडून जास्तीत जास्त काय काढून घेता येतं. दुसरी सांगते, चूक केलीत तर हे पात्र तुम्हाला किती सांभाळून घेतं. आयर्नक्लॅड सांभाळून घेतो. सुरुवातीलाच 80 जीव, चौघांत सर्वाधिक, आणि त्याचं बर्निंग ब्लड हे रेलिक (डावभर सोबत राहणारी वस्तू) प्रत्येक लढाई संपली की 6 जीव परत देतं. एका ॲक्टमध्ये (मनोऱ्याचा एक टप्पा) सहा-सात लढाया झाल्या तर 36 ते 42 जीव फुकटात. म्हणजे दर लढाईत एखादी गाढवचूक माफ.

वॉचर चुकीचा दंड दुपटीने वसूल करते. हे अलंकारिक नाही, तिच्या पानावर अक्षरशः तसं लिहिलेलं आहे.

इंटरनेटवर फिरणाऱ्या बहुतेक याद्या पहिल्या प्रकारच्या असतात, आणि त्या वाचणारे बहुतेक लोक दुसऱ्या यादीच्या गटात मोडतात. मीही कित्येक महिने त्याच गटात होतो. ‘सगळ्यात ताकदवान’ म्हणून वॉचर घ्यायचो आणि ठाण्याला लोकलमध्ये चढल्यावर सुरू केलेला डाव घाटकोपर यायच्या आत संपायचा.

वॉचर एवढी वर का?

तिच्या स्टान्समुळे. ‘काम’ (इंग्रजीतलं calm) म्हणजे शांत अवस्था. त्यातून बाहेर पडताना 2 एनर्जी मिळतात. रॅथ म्हणजे क्रोध. त्यात तुम्ही दुप्पट मारता आणि दुप्पट मार खाता. आणि या दोन्ही अवस्था तिच्या सुरुवातीच्या दहा पानांतच आहेत. चार स्ट्राइक (साधा मार), चार डिफेंड (साधा बचाव), एक व्हिजिलन्स आणि एक इरप्शन. बाकीच्या पात्रांना ज्या गोष्टीसाठी दुर्मिळ पानाची वाट बघावी लागते, ती हिच्याकडे पहिल्या लढाईपासून असते.

एक हात मांडून बघू. पहिली फेरी, हातात व्हिजिलन्स, इरप्शन, दोन स्ट्राइक, एक डिफेंड. शिवाय तिचं प्युअर वॉटर हे रेलिक प्रत्येक लढाईच्या सुरुवातीला मिरॅकल नावाचं फुकट पान देतं, ज्यातून 1 एनर्जी निघते. म्हणजे हाताशी एकूण 4 एनर्जी.

व्हिजिलन्स खेळलं: 2 एनर्जी गेल्या, 8 ब्लॉक (तेवढा मार अडवणारी ढाल) मिळाला, कामात शिरलो. इरप्शन खेळलं: उरलेल्या 2 एनर्जी गेल्या, शत्रूला 9 बसले, आता रॅथ. पण रॅथमध्ये शिरताना कामातून बाहेर पडलो, म्हणून 2 एनर्जी परत आल्या. त्यात दोन स्ट्राइक, एरवी 6-6 चे, आता 12-12 चे. बेरीज 33. पहिल्या फेरीत, एकही नवीन पान न घेता.

आयर्नक्लॅडची त्याच क्षणी चांगली फेरी कोणती? बॅशचे 8, मग व्हल्नरेबल (दीडपट मार खाणारा) झालेल्या शत्रूला स्ट्राइकचे 9. एकूण 17. जवळपास निम्मे.

आणि ही फक्त सुरुवात. पुढे रशडाउन हे पॉवर पान (एकदा खेळलं की लढाईभर लागू) मिळालं की दर वेळी रॅथमध्ये शिरताना दोन पानं ओढता येतात. आता हिशोब करा. अपग्रेड केलेलं इरप्शन 1 एनर्जीचं, कामात परत नेणारं इनर पीस 1 एनर्जीचं, आणि कामातून बाहेर पडण्याचे 2 परत. खर्च दोन, जमा दोन. कॅटमध्ये इतर पानं पुरेशी कमी केलेली असतील तर तीच दोन पानं फिरून फिरून हातात येतात आणि शत्रू मरेपर्यंत फेरी संपतच नाही. असा चक्री डाव इतर पात्रांनाही जमतो, पण त्यांना तो देवाने दिला तर जमतो. वॉचरला तो ठरवून जमवता येतो.

मग माझी वॉचर पहिल्याच ॲक्टमध्ये का मरते?

वरच्याच हाताचा दुसरा अर्धा भाग बघा. समोर जॉ वर्म होता असं धरू. त्याला 40 ते 44 जीव असतात आणि तो पहिल्या फेरीला नेहमी चावतो, 11 चा. आपण 33 मारले, तो मेला नाही. आपण रॅथमध्येच अडकलोय. त्याचे 11 आता 22 झाले, त्यातून 8 ब्लॉक वजा, उरले 14. एका किरकोळ अळीने 72 मधले 14 जीव नेले. पुढच्या फेरीला ती मरेलही, पण अशा तीन लढाया झाल्या की एलिटपुढे, म्हणजे वाटेतल्या तगड्या शत्रूपुढे, तुम्ही हात हलवत उभे.

म्हणून नियम एकच, आणि तो मी फोनच्या मागे चिकटवून ठेवावा इतक्यांदा विसरलोय: मारून संपणार नसेल, शत्रू या फेरीला हल्ला करणार असेल आणि बाहेर पडायचं पान हातात नसेल, तर रॅथमध्ये शिरायचं नाही. त्याच हातात व्हिजिलन्स आणि डिफेंड खेळलं असतं तर 13 ब्लॉक झाला असता, एकही जीव गेला नसता, आणि मिरॅकलच्या एनर्जीवर वर एक स्ट्राइकही बसला असता.

शत्रूच्या डोक्यावर तो काय करणार हे आधीच दिसतं. ते बघायला वेळ घ्या. इथे घड्याळ नाही.

सायलेंट दुसरी का? तिचे तर स्ट्राइकसुद्धा धड बसत नाहीत.

खरं आहे. सायलेंटचा पहिला ॲक्ट म्हणजे महिन्याची शेवटची तारीख. 70 जीव, बारा पानांचा कॅट, त्यात अर्धी नुसती बचावाची, आणि मारायला साधे स्ट्राइक सोडले तर न्यूट्रलाइझचे 3. पहिल्या तीन-चार लढायांत मारणारं एखादं बरं पान घेतलं नाही तर तिचं काही खरं नाही. नव्या खेळाडूंच्या यादीत मी तिला तिसरी ठेवली ती यामुळेच.

पण तिची वरची पानं हार्टसाठीच बनवल्यासारखी आहेत. हार्ट असेन्शन 20 वर काय करतो ते आधी बघा. जीव 800. एका फेरीत 200 पेक्षा जास्त त्याला लागतच नाही, म्हणजे कितीही मोठा कॅट आणा, किमान चार फेऱ्या टिकावंच लागतं. पहिल्या फेरीला तो तुम्हाला दुबळं करून कॅटमध्ये पाच टाकाऊ पानं कोंबतो. मग दोन फेऱ्या हल्ला: एकदा 2 चे पंधरा फटके, एकदा 45 चा एकच, कोणता आधी ते नशीब. वर तुम्ही खेळाल त्या प्रत्येक पानामागे 2 जीव कापतो.

आता सायलेंटचं रेथ फॉर्म घ्या. दोन फेऱ्या, अपग्रेड केलं तर तीन, तुम्हाला लागणारा प्रत्येक फटका 1 चा होतो. ते 45 झाले 1. पंधरा फटक्यांचे 30 झाले 15. पानामागचे 2 झाले 1. बदल्यात दर फेरीला एक डेक्स्टेरिटी जाते, म्हणजे पुढे ब्लॉक कमी कमी होत जातो. पण ‘पुढे’ येईपर्यंत लढाई संपवायची असते ना.

आणि संपवायला विष आहे. विषाचं गणित शाळेतल्या बेरजेसारखं: 10 विष म्हणजे 10, 9, 8 असं उतरत एकूण 55. कॅटलिस्ट हे पान विष दुप्पट करतं, अपग्रेड केलेलं तिप्पट. 10 चे 30 झाले की बेरीज 55 वरून थेट 465 वर जाते. पहिल्यांदा हे आकडे उलगडताना बघितले तेव्हा मी डबा खायचा थांबलो होतो. चौथ्या फेरीला मात्र हार्ट आर्टिफॅक्ट (विषासारखे परिणाम अडवणारं कवच) घेतो आणि त्यानंतरचं विष लागण्याआधी ते फोडावं लागतं, म्हणून विष लवकर चढवा.

तिचं पायर्सिंग वेल, मॅलेझ ही पानंसुद्धा तशीच. समोरच्याची हवा काढून घेणारी. पंधरा फटके मारणाऱ्या शत्रूची ताकद 1 ने कमी केली तर एका फेरीत 15 जीव वाचतात, हे एकदा डोक्यात बसलं की मॅलेझकडे बघायची नजरच बदलते.

डिफेक्ट वर का नाही? माझा क्लॉचा कॅट तर भन्नाट चालतो.

चालतो, आणि मजा येते. क्लॉ फुकट असतो, 3 मारतो, आणि दर वेळी खेळला की सगळे क्लॉ 2 ने वाढतात. पाच-सहा जमले की खटाखट. पण तोच कॅट हार्टपुढे ठेवा: प्रत्येक पानामागे 2 जीव. फुकट पान आता फुकट राहत नाही.

डिफेक्टची खरी ताकद फ्रॉस्टमध्ये आहे. फ्रॉस्टचा गोळा दर फेरीला आपोआप 2 ब्लॉक देतो. फोकस वाढवला की तेवढाच तो वाढतो. बायस्ड कॉग्निशन एका झटक्यात 4 फोकस देतं (मग दर फेरीला 1 परत नेतं). तीन फ्रॉस्ट आणि 4 फोकस म्हणजे दर फेरीला 18 ब्लॉक, एकही पान न खेळता. ग्लेशियर हाताशी असेल तर त्याहून जास्त. पान न खेळता ब्लॉक मिळणं म्हणजे काय चैन, हे हार्टपुढे उभं राहिल्यावर कळतं.

अडचण आहे ती तिथपर्यंत पोचण्याची. पहिल्या ॲक्टमध्ये ग्रेमलिन नॉब नावाचा एलिट आहे. तुम्ही स्किल प्रकारचं (थेट न मारणारं) पान खेळलं की तो चिडतो आणि त्याची ताकद 2 ने वाढते, असेन्शन 18 पासून 3 ने. आता चौघांचे सुरुवातीचे कॅट पुढ्यात ठेवून स्किल मोजा. आयर्नक्लॅड: दहात 4. वॉचर: दहात 5. सायलेंट: बारात 6. डिफेक्ट: दहात 6, कारण त्याची दोन खास पानं, झॅप आणि ड्युअलकास्ट, हीसुद्धा स्किलच. म्हणजे नॉबपुढे त्याच्या निम्म्याहून जास्त कॅटला कुलूप. नॉब पहिल्या फेरीला नुसता ओरडतो, त्याआधी खेळलेल्या स्किलचा त्याला राग येत नाही, म्हणून झॅप तेव्हाच उरकून घ्या. नंतर सरळ मारामारी. बॉल लाइटनिंगसारखं पान लवकर घ्या असं सगळे जे सांगतात ते याचसाठी.

आयर्नक्लॅडला तळाला टाकणं अन्याय नाही का?

थोडा आहे. तो वाईट नाही, बाकीचे फार चांगले आहेत.

त्याची अडचण अशी की बर्निंग ब्लड लढाई संपल्यावर जीव देतं. हार्टची लढाई संपल्यावर जीव मिळून काय करायचाय? त्याची सगळ्यात मोठी सवलत शेवटच्या दारात निकामी होते. दुसरं, त्याचा नावाजलेला मार्ग म्हणजे ताकद वाढवणं. डीमन फॉर्म दर फेरीला 2 ताकद देतं, पण खेळायला तीनही एनर्जी जातात आणि ती अख्खी फेरी तुम्ही उघडे. खालच्या पातळीवर ती फेरी परवडते. वीसवर परवडत नाही. नव्या खेळाडूला डीमन फॉर्म दिसलं की तो उडी मारतो, जुना खेळाडू आधी बघतो की ते खेळायच्या फेरीला ब्लॉक कुठून येणार.

जिंकणारा आयर्नक्लॅड बहुधा वेगळाच असतो: एक्झॉस्टवाला. करप्शन खेळलं की सगळी स्किल पानं फुकट होतात आणि खेळली की जळून जातात. फील नो पेन दर जळलेल्या पानामागे 3 ब्लॉक देतं. डार्क एम्ब्रेस दर जळलेल्या पानामागे एक नवं पान ओढतं. तिन्ही जमली की कॅट भसाभस जळतो आणि तुम्ही ब्लॉकच्या ढिगाऱ्यामागे निवांत. पण तिन्ही जमावी लागतात. वॉचरला जे सुरुवातीला मिळतं ते याला तिसऱ्या ॲक्टपर्यंत गोळा करावं लागतं, आणि माझ्या मते दोघांतला फरक एवढ्या एका वाक्यात येतो.

असेन्शन म्हणजे काय, आणि त्याने क्रम बदलतो का?

असेन्शन म्हणजे काठिण्याच्या वीस पायऱ्या. एक जिंकलात की पुढची उघडते आणि प्रत्येक पायरी एक नवा चिमटा लावते, आधीचे तसेच ठेवून. पहिल्या पायरीला एलिट जास्त. सहावीला सुरुवातच जखमी अवस्थेत. दहावीला कॅटमध्ये शापाचं एक पान, जे काढून टाकता येत नाही. अकरावीला पोशनची एक जागा कमी. चौदावीला कमाल जीव कमी: आयर्नक्लॅड 75, डिफेक्ट 71, वॉचर 68, सायलेंट 66. विसावीला तिसऱ्या ॲक्टच्या शेवटी एकाऐवजी दोन बॉस, एकापाठोपाठ.

क्रम बदलतो, हो. असेन्शन 5 पर्यंत आयर्नक्लॅड पहिला म्हटलं तरी चालेल. दहाच्या आसपास सगळे एका रांगेत येतात. पंधराच्या पुढे वॉचर सुटते. निदान माझ्या हातात तरी असंच झालं.

मी हार्टकडे जातच नाही. तिसऱ्या ॲक्टनंतर डाव संपवतो. मला कोणती यादी लागू?

वॉचर तरीही पहिली. पण खालच्या तिघांत आयर्नक्लॅड वर सरकतो, कारण हार्टची ती पानामागची कापाकापी नाही आणि पंधरा फटकेही नाहीत.

इथे बॉस कोण लागतो यावर बरंच ठरतं. टाइम ईटर बारा पानं खेळलीत की तुमची फेरी बंद करतो आणि 2 ताकद घेतो. सायलेंटचे शिव्हवाले (छोट्या फुकट सुऱ्यांचे) कॅट आणि वॉचरचं चक्र त्याच्यापुढे अडखळतात. अवेकन्ड वन तुम्ही पॉवर पान खेळलं की ताकद घेतो. डिफेक्टचे निम्मे मनसुबे तिथे ढेपाळतात. तिसरी जोडी, डोनू आणि डेका, सगळ्यांना सारखीच छळते. ॲक्ट सुरू झाल्याबरोबर नकाशाच्या टोकाला बॉसचं चित्र दिसतं, ते बघून पुढची पानं निवडायची.

वॉचरच्या चक्रापुढे तरी हार्ट हतबल असेल ना?

नाही. प्रत्येक पानामागे 2 जीव, म्हणजे चक्राच्या दोन पानांच्या प्रत्येक वळशाला 4. तुम्ही त्याला मारता मारता स्वतःच मराल. इथे मेंटल फोर्ट्रेस उपयोगी पडतं: दर स्टान्स बदलाला 4 ब्लॉक. एका वळशात दोन बदल, म्हणजे 8 ब्लॉक, खर्च 4. आता चक्र फायद्यात. पण 200 ची मर्यादा आहेच, म्हणून 200 मारून झाल्यावर त्याच फेरीत नुसता ब्लॉक गोळा करत बसायचं आणि मगच फेरी सोडायची. हे न कळल्याने मी एकदा भरलेला डाव घालवलाय. 200 झाले, तो आणखी कमी होईना, मला वाटलं खेळच अडकला, वैतागून फेरी संपवली. रॅथमध्ये.

रेलिक चांगलं मिळालं तर क्रम उलटतो का?

एका डावापुरता नक्की. आयर्नक्लॅडला करप्शनसोबत डेड ब्रँच मिळालं, की जळलेल्या प्रत्येक पानामागे एक नवं पान हातात पडतं, आणि ते स्किल निघालं तर तेही फुकट. त्या डावात चारही पात्रांत तोच राजा. स्नेको आय दर फेरीला दोन पानं जास्त देतं पण पानांची किंमत चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलतं. महागड्या पानांच्या कॅटला ते वरदान, आणि वॉचरचं हिशोबी चक्र मात्र त्यात साफ विस्कटतं.

पण यादी एका डावाची नसते. शंभर डावांत सरासरी काय होईल, त्याची असते.

जुन्या याद्यांमध्ये वॉचर दिसतच नाही. का?

ती जानेवारी 2020 मध्ये मूळ खेळात आली. त्याआधीच्या याद्या तिघांच्याच आहेत. आयफोनवर खेळ 2020 मध्ये आणि अँड्रॉइडवर 2021 मध्ये आला, म्हणून फोनवर सुरुवात केलेल्यांना ती जन्मापासून चौघांत दिसते. यादी वाचताना आधी तिची तारीख बघा.

एस, ए, बी अशा श्रेणीत का लिहिलं नाही?

कारण मग वॉचरला विशेष प्रावीण्य, सायलेंटला प्रथम श्रेणी असा दहावीचा निकाल लागतो, आणि आयर्नक्लॅडचे पालक पेपर फेरतपासणीला टाकतात. चारच तर पात्रं आहेत.

एकाच पात्रावर हात बसवू की सगळी फिरवू?

आयर्नक्लॅडवर दहा असेन्शन चढा, मग फिरवा. ब्लॉक कधी आणि मार कधी, पान कधी सोडायचं, कॅम्पफायरवर झोपायचं की पान अपग्रेड करायचं, हे सगळं त्याच्याकडे स्वस्तात शिकता येतं. मग सायलेंट. ती जगायला शिकवते. मग उरलेले दोघं, क्रम तुमचा.

घरातल्या मोठ्या माणसाला शिकवायचं तर कोणतं पात्र द्यावं?

मी मावशीला शिकवलं. ती रमीत मुरलेली, लग्नघरात पहाटेपर्यंत बसणारी. आयर्नक्लॅड दिला. पहिल्या लढाईनंतर तीन पानं आली तर म्हणाली, “यातलं एकही नको, माझा हात बिघडतो.” मी म्हटलं, अगं मावशी, फुकट मिळतंय, घे. तर म्हणे, “रमीत नको असलेलं पान टाकून तरी देता येतं. हे बोकांडी बसणार शेवटपर्यंत.” ही गोष्ट कळायला मला चाळीस-पन्नास डाव लागले होते.

दोन आठवड्यांनी तिने आयर्नक्लॅड सोडला आणि सायलेंट धरली. मी विचारलं, का गं, तो तर सोपा होता. सायलेंटच्या रिंग ऑफ द स्नेककडे बोट दाखवून म्हणाली, “हिला सुरुवातीलाच दोन पानं जास्त वाटतात. मग दुसऱ्या कुणाला घेऊन का बसू?” वॉचर तिला अजून दाखवलेली नाही.